पोट माझं, पंचनामा कंपनीचा

घनसावंगी, बुधवार, दुपार
(सासूबाईंचा डोळा लागलाय, तेवढ्यात)

तीर्थस्वरूप दुर्गाआक्का हिला धाकट्या तुळजाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (मनातल्या मनात ठेवलंय. खरोखर वाकायची डॉक्टरनं मनाई केलीय, त्याचं पुढं लिहिते.) दाजींचा गुडघा कसा आहे? तेल लावून राह्यले का नुसतंच बाटलीकडं बघून राह्यले? तुझ्या नातवाला दात आले म्हणे, आता बोटं सांभाळ. सेलूला पाणी वेळेवर येतं का? आमच्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा लाइट नसती आणि लाइट असती तेव्हा पाणी नसतं. बाकी गोदामाईच्या कृपेनं सगळं बरं आहे. म्हणजे मालक बरे, सासूबाई बऱ्या, दोन्ही लेकरं बरी, म्हैस बरी. राहता राहिले मी, ते लिहायलाच बसले.

तू म्हणशील, आजकाल पत्र कोण लिहितं, फोनला काय धाड भरली? आक्का, आमच्या घरात फोन म्हणजे ग्रामसभा. मी हॅलो म्हणलं की सासूबाई स्पीकर लावायला लावतात, मालक टीव्हीचा आवाज बारीक करतात, आणि भिंतीपलीकडून नंदाबाई ओरडती की दुर्गाबाईला माझाबी नमस्कार सांगा. तिथं मी पोटाचं काय बोलणार? म्हणून ही वही फाडली. पोस्टातबी मीच टाकणार आहे, कोणाच्या हाती देणार न्हाई.

माझ्या पोटाची कुंडली तुला माहीत आहे. अंगद आणि शिवकन्या, दोघंबी पोट चिरूनच बाहेर आले (अजूनबी तसेच आहेत, सरळ वाटेनं यायचं नाव न्हाई). मंग साखर निघाली, डॉक्टर म्हणले वजन उतरवा. उतरवलं. भात सोडला, साखरेचा चहा सोडला, रोज सकाळी कॅनॉलपर्यंत चालत गेले, गावातल्या बाया विचारायल्या की कोणावर रुसून चाललीस. वजन उतरलं आक्का, पण कातडं जिथल्या तिथं. रिकामं पोतं दोरीवर टाकावं तसं लोंबून राह्यलं. उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साचतो, चिघळतं, आग आग होती, पावडर टाकावी तर पावडरीचा चिखल होतो. आणि बेंबीच्या बाजूला तो फुगा. खोकलं की बाहेर, झोपलं की आत. आधी लिंबाएवढा होता, आता मोसंबीएवढा झाला. मालकांनी इतकी वर्षं मोसंबीची बाग धरायचा खटाटोप केला, धरली शेवटी माझ्या पोटावर. हर्निया म्हणतात त्याला. आत आतडं अडकलं तर जिवावर बेततं, असं डॉक्टर म्हणले, आणि डाळीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या शांतपणे म्हणले. त्या दिवसापासून खोकला आला तरी मी पोटाला हात लावून खोकते.

तर अंगद नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागलाय, तिथं आईबापासकट विमा आहे. पोरगं म्हणलं, आई, आता बिलकुल घाबरायचं न्हाई, सगळं विम्यात बसतं. 'सगळं बसतं' असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर एकदा आपल्याकडच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसावं, मंग कळतं बसणं म्हणजे काय. पण गेले. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात प्लास्टिक सर्जन म्हणून डॉक्टर आहेत, माणूस भला आहे, चष्मा सारखा पुसतो. त्यांनी सांगितलं की फुगा आत ढकलून वर जाळी लावायची, पोटाचे फाकलेले स्नायू एकमेकांना शिवायचे आणि लोंबतं कातडं कापून टाकायचं. घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई प्लास्टिक एवढाच शब्द धरून बसल्या. म्हणल्या, शेळीनं प्लास्टिकची पिशवी खाल्ली तर शेळी मरती, आणि ही दवाखान्यात जाऊन टाकून घेऊन राह्यली. त्यांची समजूत घालण्यात माझे दोन दिवस गेले.

विम्याच्या खिडकीवर एक पोरगी बसती, बोलायला गोड. तिनं सांगितलं, मावशी, हर्निया बसतो, त्याची जाळी बसती, पण कातडं बसत न्हाई, ते सौंदर्यात जातं. म्हणजे एकाच पोटाची वाटणी झाली. भावकीत बांध घालावा तसा बेंबीखालून बांध पडला, आतलं कंपनीचं आणि बाहेरचं आमचं. डॉक्टर म्हणले, असं न्हाई. महिनोन्महिने मलम लावूनबी जखम पुन्हा पुन्हा होत असंल, वजन एका जागी टिकलेलं असंल, तर ते सौंदर्य न्हाई, तो आजार आहे, आणि कंपनी तो मानती. फक्त दाखवून द्यावं लागतं. दाखवायचं म्हणजे फोटो! आजवर माझा एकटीचा फोटो आधार कार्डावर तेवढा एकच, आणि दुसरा हा. समोरून, डावीकडून, उजवीकडून, घडी उचलून. मी सवयीनं पदर सारखा करून हसायला लागले तर नर्स म्हणली, मावशी, हसू नका, तोंड यात येणारच न्हाई. ते फोटो मुंबईला गेले. माझं पोट मुंबई बघून आलं आक्का, मी अजून संभाजीनगरच्या पुढं गेले न्हाई. तिथं कोणी कोणी बसून ते बघितलं असंल, या विचारानं मला आठवडाभर जेवण गेलं न्हाई.

त्याच्याआधी डॉक्टरनं माझी उलटतपासणी घेतल्ती. तंबाखू खाता का? मी म्हणलं, राम राम, आमच्या घराण्यात बाई तंबाखूला हात लावत न्हाई. नर्सनं माझ्या दातांकडं बघितलं. मिश्री म्हणजे तंबाखूच असती म्हणे! एवढी वर्षं मी समजून राह्यले की दात घासून राह्यले. ती सोडल्याबिगर जखम भरत न्हाई, म्हणून सोडली. पहिल्या आठवड्यात मी कोणावर काय काय खेकसले ते विचारू नको, मालक राखणीच्या नावाखाली शेतातच मुक्कामाला गेल्ते. मंग डॉक्टरनं विचारलं, अजून लेकरू होऊ द्यायचं का, कारण पुन्हा दिवस गेले तर केलेलं सगळं पाण्यात. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, लेकीला स्थळं बघून राह्यलो. आणि मालक गंभीर तोंड करून म्हणतात, विचार करून सांगतो. मी तिथंच त्यांच्या पायावर पाय दिला.

पण खरी धोंड निराळीच निघाली. ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई, पोटाला पट्टा, पहिले काही दिवस नळी आणि बाटली, वाकायचं न्हाई पण चालायचं ते कंबरेत वाकून (हे मला अजून उमगलेलं न्हाई). हे ऐकून घरात अशी शांतता पसरली की म्हशीचं रवंथ ऐकू आलं. सासूबाई हिशोब करून म्हणल्या, बाळंतिणीलाबी सव्वाच महिना असतो, आणि तिथं लेकरू तरी हाती येतं. मालक म्हणले, आपण बाई लावू धुण्याभांड्याला. शिवकन्या म्हणली, मी करीन. (ती करती गं, पण तिच्या दशम्या बघून पाहुणे उठून जातात.) बोलले सगळे, पण सगळे माझ्याकडंच बघून बोलले, जणू बाई लावायचं, पोरीला शिकवायचं आणि म्हशीला समजावायचं काम पण मीच करणार आहे. मंग विषय तिथंच राहिला.

आता मुख्य रामायण ऐक. शिवकन्याला अंबडकडचं एक स्थळ आलं. मधी तातेराव आहेत, आमच्या आळीतले, आजवर तीस लग्नं जमवली म्हणून सांगतात. त्यांनी बजावलं की मुलाकडचे लोक कार्यक्रमाआधी एक माणूस गुपचूप पाठवतात, तो ओळख देत न्हाई, पाणी मागायच्या निमित्तानं घरदार बघतो, तेव्हा सावध राहा. तुला माहीत आहे आपल्याकडची रीत. तुझ्या वेळी दाजींचे चुलते म्हशीचा भाव विचारायला म्हणून आल्ते आणि दोन ताटं जेवून गेल्ते. तेव्हापासून आमचं आंगण दिवसातून तीनदा झाडलं जात होतं.

आला एक दिवस माणूस. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, मोटरसायकल दारापासून लांब लावलेली. पाणी मागितलं. इकडं तिकडं बघितलं. घरात कोण कोण असतं, कोणाला काही आजारपाजार, आईंची तब्येत कशी असती. आता तूच सांग, स्थळाकडचा माणूस याहून वेगळं काय विचारतो? त्यानं ओळख सांगायला तोंड उघडलं तर मालकांनी हात जोडले. म्हणले, काही सांगू नका, आम्हाला सगळं माहीत आहे. वरून डोळा मिचकावला. बिचारा गप बसला. मंग जे सुरू झालं ते काय सांगू! सासूबाईंनी मला खूण केली. मी भरलेला हंडा कमरेवर घेऊन त्याच्या समोरून गेले, पुन्हा आले, सरकीचं अर्धं पोतं उचलून म्हशीपुढं नेलं, आणि तोंडावर हसू. आत मोसंबी अशी उसळून राह्यली की डोळ्यापुढं काजवे. पण लेकीचं स्थळ आहे, आई खाटल्यावरची दिसली तर पोरीलाबी तसंच होईल म्हणतात लोक. तो सारखा मोबाइलवर टिपून घेत होता. मी मनात म्हणलं, चला, पसंत पडलो.

जाता जाता त्यानं विचारलं, ऐकलं की ताईंचं जालन्याला पोटाचं ऑपरेशन ठरलंय? झालं! मालकांच्या घशात सुपारी अडकली. पण आमच्या सासूबाई, आसराबाई म्हणतात त्यांना, अशा मामल्यात कच्च्या न्हाईत. पदर सावरून म्हणल्या, ते होय! आजार न्हाई काही, चांगली ठणठणीत आहे. ते उगं दिसण्यासाठी. हौस आहे सूनबाईला, शहरातल्या बाया करतात तसं पोट सपाट करायची. मालकांनी वरून जोड दिली, आमच्या घरात बायामाणसांच्या हौसेला आडकाठी न्हाई. आणि त्या माणसाला शिरा खाऊ घालून, टॉवेल-टोपी देऊन वाटेला लावला.

चार दिवसांनी अंगदचा फोन आला, स्पीकरवर. कंपनीनं कळवलं होतं की आमच्या चौकशी अधिकाऱ्यानं समक्ष भेट दिली, रुग्ण जड वजन सहज उचलते, शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी असल्याचं कुटुंबातील ज्येष्ठ महिलेनं स्वखुशीनं सांगितलं, सबब दावा नामंजूर. सासूबाई म्हणल्या, मंग त्याला म्हणावं टॉवेल-टोपी वापस दे. मी त्या रात्री भाकरी थापल्या न्हाईत. परातीपुढं बसले आणि उठले, एवढाच माझा संताप.

डॉक्टर भले म्हणून त्यांनी पुन्हा कंपनीला लिहिलं. अंगदनं दम दिला की आता परत कोणी आलं तर काही झाकायचं न्हाई, खरं ते सांगायचं. आणि आठ दिवसांत आला दुसरा! हा म्हातारा, धोतर, हातात छत्री, पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा तेच, घरात कोण कोण, तब्येती कशा. मालकांनी त्याला हाताला धरून आत आणलं. मी खाटेवर आडवी. आणि आम्ही सगळं काढलं बाहेर. फुगा, साखर, चिघळणं, मिश्री, सगळं. सांगता सांगता आक्का, मला खरंच रडू फुटलं. सोंग करायला आडवी झाल्ते, पण इतक्या वर्षांत कोणी समोर बसून माझं दुखणं ऐकलंच नव्हतं. आणि सासूबाई काय म्हणल्या माहितीय? म्हणल्या, रातभर कण्हती हो ती. आम्ही ऐकतो, पण बोलत न्हाई. मी रडायची थांबून त्यांच्याकडं बघतच राह्यले. मला वाटायचं, कोणाला ऐकू जात न्हाई.

म्हातारा चहा प्याला. उठताना म्हणला, आणि पोरगी कुठं आहे? मालक म्हणले, पोरीला काही झालेलं न्हाई साहेब, दावा फक्त आईचा आहे. तो गेला. दुसऱ्या दिवशी तातेराव पेढे घेऊन दारात. तो मुलाचा मामा होता! म्हणून राह्यला की तीन तालुके फिरलो, सगळ्या घरी माणसं ठणठणीत, एकाच्याबी घरी कोणी शिंकत न्हाई. इतकं खरं सांगणारं हे एकच घर बघितलं, पोरगी इथलीच करायची. मालक तेव्हापासून गावात खरेपणावर व्याख्यान देऊन राह्यले. लग्न वैशाखात धरलंय, पोरगं चांगलं आहे, अंबडला दुधाच्या डेअरीवर आहे, शिवकन्याला पसंत आहे.

आता नवीन ठराव पास झाला, आधी लगीन, मंग पोट. बराबर आहे म्हणा. आधी अंगदची बारावी होती, मंग विहीर, मंग सासऱ्यांचं आजारपण, मंग घराचा स्लॅब. माझं पोट रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखं उभं आहे, खिडकी जवळ आली की माल संपतो. मी भांडत न्हाई. भांडायला पोटात जोर लागतो, आणि जोर लावायची मनाई आहे. तुला एवढं सगळं लिहिलं, कारण कुठंतरी ओकायचं होतं. वाचून फाडून टाक, दाजींना वाचून दाखवू नको, मोसंबीचं तर बिलकुल न्हाई.

दाजींच्या गुडघ्याला माझा नमस्कार, नातवाच्या दातांना पापा, तुला काय देऊ, माझं उरलंसुरलं आयुष्य घे म्हणलं तरी तू घेणार न्हाईस.

तुझी धाकटी,
तुळजा

ता. क. १. तुझ्याकडं राहिलेलं माझं शेवयाचं यंत्र लग्नाच्या शेवयांना लागतंय. कोणाबरोबर पाठवू नको, मागच्या वेळी जीपमध्ये त्याचा दांडा हरवला. तू स्वतः घेऊन ये.

ता. क. २. यंत्राचं निमित्त आहे. कंपनीचा होकार गेल्या शुक्रवारीच आला. हर्निया मंजूर, चिघळलेलं कातडंबी मंजूर. अंगदला मी म्हणलं, घरी तू बोलू नको, मी सांगते. आणि सांगितलं न्हाई. कंपनी न्हाई म्हणत होती तोवर कंपनीला शिव्या देता येत होत्या. आता कोणाला देऊ? डॉक्टर म्हणले, आत्ता केलं तर लग्नापर्यंत उभी राहशील, वैशाखापर्यंत थांबलीस तर आतड्याचं काही सांगता येत न्हाई. मला भ्या वाटून राह्यलं आक्का. टेबलावर झोपायचं भ्या न्हाई, ते बेशुद्ध करतात. घरी आल्यावरचं भ्या आहे.

ता. क. ३. आणि हे फक्त तुला. सासूबाई त्या माणसाशी खोटं बोलल्या असं सगळे म्हणतात. अर्धं खरं होतं. शिवकन्याच्या लग्नात माझ्या निऱ्या पोटावर सपाट बसाव्यात, एवढी हौस आहे मला. आहे म्हणजे आहे. कंपनीला कळवू नको. तू पुढच्या सोमवारी ये आणि सहा आठवडे राहा. स्वयंपाक शिवकन्या करील, म्हैस मालक बघतील, ते सगळं रेटून नेता येईल. तुला काही करायचं न्हाई. पण घरात कोणी हाक मारली की मी उठते गं, मला पडून राहताच येत न्हाई. 'तुळजे, तू उठू नको' असं मला आजवर कोणी म्हणलेलं न्हाई. तेवढं म्हणायला ये.